कॅलेंडरावरचे मार्क: घरी बघितलेले जुने-नवे सिनेमे

तिसरा_मजला

परवा दुधाचा हिशोब करायला नवऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि स्वयंपाकघरातून ओरडला, "अगं, ह्या शनिवारी आठ लिटर दूध कशाला घेतलं होतंस?"

ते दूध नव्हतं. तो 'सिंहासन' होता.

आमच्याकडे पावसाळा सुरू झाल्यापासून हा उद्योग चालू आहे. गोरेगाव पूर्वेला वन बीएचके, माणसं पाच, टीव्ही एक. सासरे (अण्णा, वय ७८), सासूबाई, नवरा, मी आणि लेक. लेक वीस वर्षांची, सिनेमे मोबाइलवर दीडपट वेगाने बघणारी. पावसामुळे अण्णांचं कट्ट्यावर जाणं बंद झालं. मग ते सकाळपासून बातम्या लावून बसायला लागले आणि त्या आरडाओरड्याने आमची डोकी उठली. शेवटी ठराव झाला: शनिवारी रात्री साडेआठला बातम्या बंद, सिनेमा चालू. एक शनिवार जुना, एक शनिवार नवा. जुना म्हणजे लेकीच्या जन्माआधीचा, ही व्याख्या तिनेच केली. त्या हिशोबाने २००४ चा 'श्वास' जुन्यात गेला, त्यावर अण्णा दोन दिवस धुसफुसत होते. "काल-परवाचा सिनेमा आहे तो!"

मार्क १० पैकी. सुरुवातीला तोंडी देत होतो, पण अण्णा आधी आकडा जाहीर करायचे आणि मग बाकीचे त्यांच्या आसपास घोटाळायचे. म्हणून आता चिठ्ठ्या. चहाच्या रिकाम्या डब्यात पाच चिठ्ठ्या पडतात, लेक सरासरी काढते आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात आकडा जातो. शेजारी दूध, वर चतुर्थी.

आता खरा मुद्दा. 'कोर्ट'ला आमच्याकडे मिळाले: अण्णा ३, सासूबाई २, नवरा ७, मी ९, लेक १०. बेरीज ३१, सरासरी ६.२. दोन आठवड्यांनी 'झिम्मा' लावला. चौघांचे सहा-सहा, नवऱ्याचे ७. बेरीज ३१, सरासरी ६.२. म्हणजे आमच्या कॅलेंडराच्या मते हे दोन्ही सिनेमे सारखेच आहेत! 'झिम्मा' बघताना सगळे हसलो, मधे कांदाभजी तळली, झोपलो. 'कोर्ट'वरून रविवारी दुपारपर्यंत भांडण चालू होतं.

'कोर्ट'चं थोडं सांगतेच. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि समोर जे घडतंय ते घडू देतो. अण्णांचं म्हणणं, "कॅमेरामन चहाला गेलाय." सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) कोर्टातून निघून लोकलने घरी येते, वाटेत मुलाला घेते, आल्या आल्या स्वयंपाकाला लागते आणि सगळे टीव्हीकडे बघत जेवतात. एवढा वेळ सासूबाई एकदाही उठल्या नाहीत. एरवी त्या दर दहा मिनिटांनी काही ना काही बघायला आत जातात. संपल्यावर म्हणाल्या, "ती घरी येते तेवढं खरं आहे. बाकी काय कळलं नाही." आणि दिले २.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा. नवरा उठला, ट्यूबलाइट लावली, "छान होता" म्हणाला आणि चिठ्ठी टाकून मोकळा झाला. मागे टीव्हीवर सिनेमा पुढे सुरू! जज्जसाहेबांची सहल अजून बाकी होती. माझ्या मते पूर्ण सिनेमाचा दंश त्या शेवटच्या भागातच आहे. तो नवऱ्याने ट्यूबलाइटच्या उजेडात, उभ्याने, हातात पाण्याची बाटली घेऊन बघितला. मार्क बदलले नाहीत. ७ ते ७.

तर विचारायचं असं: तुम्ही घरी मार्क देता का? कसे देता? आणि जुन्याला नि नव्याला एकच फूटपट्टी लावता का?

खडूस_परीक्षक

सरासरी हेच पाप आहे. २ आणि १० ची सरासरी ६ म्हणजे त्या घरात एकालाही न वाटलेलं मत तुम्ही भिंतीवर टांगलंत. पाचही आकडे लिहा. चौकोन छोटा असेल तर दुधाचा हिशोब दुसरीकडे हलवा.

आणि तुमच्या यजमानांना सांगा, सातावर बंदी. मी गंभीरपणे सांगतोय. आमच्या ग्रुपमध्ये ७ द्यायला मनाई आहे. ६ द्या नाहीतर ८. सात हा आकडा नसून 'मला भांडायचं नाहीये' असं लिहायची पद्धत आहे.

मुलुंडची_मावशी

हसून हसून पुरेवाट झाली, ट्यूबलाइट!! आमचे हे तर शेवटी नावं यायला लागली की गादी घालायला घेतात.

मार्कबिर्क देत नाही आम्ही. संपल्यावर आईंना विचारायचं, "परत लागला तर बघाल?" हो की नाही, एवढंच.

बेस्टचा_पास

खडूस, सातावर बंदी घातली की काय होतं ते मी बघितलंय. सगळे ६.५ आणि ७.५ द्यायला लागतात. :)

जुन्या-नव्याच्या फूटपट्टीबद्दल. माझं मत आहे की एकच फूटपट्टी लावावी, पण आधी जुना सिनेमा नीट दिसतोय का ते बघावं. निम्म्या वेळा आपण सिनेमाला नाही, त्याच्या फाटक्या प्रिंटला आणि टीव्हीच्या सेटिंगला मार्क देतो. दोन गोष्टी तपासा:

एक, चौकट. १९५० च्या आधीच्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, उंचीच्या १.३७ पट रुंदी. आपला टीव्ही १६:९. कडेला काळे पट्टे दिसले की घरातलं कुणीतरी 'फुल स्क्रीन' दाबतं आणि मग पडद्यावर सगळे गाल फुगवून फिरायला लागतात. जुन्या जमान्यातल्या नायिका शांता आपटेंना अशी बारा किलो वजनवाढ मी स्वतः बघितली आहे. पट्टे राहू द्या.

दुसरं, नवीन टीव्हीत मोशनचं एक सेटिंग कारखान्यातूनच चालू असतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतो. क्रिकेटला ठीक, पण सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. पिक्चर मेनूत जाऊन ते बंद करा, किंवा 'सिनेमा' नाहीतर 'फिल्ममेकर' मोड असेल तर तो लावा. माझ्या वडिलांनी हे केल्यावर 'प्यासा' एका गुणाने वर नेला. सिनेमा तोच होता.

तिसरा_मजला

@बेस्टचा_पास, आत्ता उठून बघितलं. मोशन चालू होतं. फुल स्क्रीनसुद्धा. 'सिंहासन' आम्ही तसाच बघितला म्हणायचा. अरुण सरनाईक थोडे रुंद वाटत होते खरे, मी म्हटलं मुख्यमंत्री आहेत, असतील.

@खडूस, पाच आकडे लिहायची कल्पना आवडली. यजमानांना बंदीचं सांगितलं. "मग मी मतदानच करणार नाही" म्हणाले.

आगाऊ_कार्ट

काकू, दीडपट वेगाने बघणाऱ्यांचीही बाजू घ्या कुणीतरी. काही नवीन सिनेमे दीडपट वेगानेच बरे लागतात.

कोकणकन्या

छान धागा. आमच्याकडे तुमच्यासारखं पद्धतशीर काही नाही, पण मी आणि बहीण 'जोडी' लावतो. एक जुना, एक नवा, दोघांत काहीतरी धागा हवा. (कोटी मुद्दाम नाही.)

गेल्या महिन्यात छाया कदमची जोडी लावली. 'लापता लेडीज'मधली स्टेशनवरची मंजू माई आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मधली पार्वती. दोन्ही २०२४ मध्येच आपल्याकडे थिएटरात लागले, त्यामुळे जुना-नवा हा नियम इथे मोडलाच. मंजू माईला घरातल्या सगळ्यांनी ९ दिले, बोलतेच तशी. पार्वतीला आईने आधी ५ दिले होते. पार्वती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते, नवरा गेलेला, चाळीतली खोली बिल्डरच्या घशात चाललीय आणि खोलीवर हक्क सांगायला तिच्याकडे कागदच नाही. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि आमच्या खोलीची भाडेपावती, रेशनकार्ड, लाइटबिलं, सगळं पलंगावर मांडून बसली. संध्याकाळी म्हणाली, "त्या सिनेमाचे सात कर."

पायल कपाडियाच्या ह्या सिनेमाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, ते आईला मी नंतर सांगितलं. म्हणाली, "त्यांना पागडी म्हणजे काय ते कळलं असेल का गं?"

म्हणून माझं म्हणणं, मार्क त्याच रात्री मागू नका. एक रात्र जाऊ द्या.

खडूस_परीक्षक

कोकणकन्या, हे मान्य. रात्री दिलेले मार्क सिनेमाचे कमी आणि झोपेचे जास्त असतात.

पिवळा_बल्ब

जोड्यांवरून आठवलं. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) आणि त्यावरून बासू चटर्जींनी केलेला 'पिया का घर' (१९७२). दोन वर्षांत मराठीचं हिंदी. गोष्ट तीच: चाळीतलं भरलं घर, नवं जोडपं आणि एकांत कुठेच नाही. माझा जन्म गिरगावातला, दहा बाय बारा, माणसं सात. काका-काकूंचं लग्न झालं तेव्हा आम्ही पोरं रात्री गॅलरीत झोपायला जात होतो आणि का ते आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यामुळे मला मराठीच जवळचा. बायको विदर्भातली, मोठ्या अंगणाच्या घरातली, ती हिंदीला जास्त देते. तिला त्यात गंमत दिसते, मला 'का रे दुरावा' लागलं की ती गॅलरी दिसते. आता ह्यात फूटपट्टी कुठली लावणार?

दुसरी जोडी: 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणि पुन्हा बासूदांचाच 'एक रुका हुआ फैसला' (१९८६). इंग्रजी सिनेमा पावणेदोन तासही नाही, जवळपास सगळा एका खोलीत, बारा ज्यूरी निकाल ठरवत बसलेले. सिडनी लुमेटने सिनेमा पुढे सरकेल तसा कॅमेरा खाली आणत नेला आणि लेन्स बदलत गेला, त्यामुळे खोली अंगावर येत जाते. हे वाचून मग परत बघितला तर शेवटी चक्क छत दिसायला लागतं! लहान घरात बघायला ह्याच्यासारखा सिनेमा नाही. आपण तेरावे आहोत असंच वाटतं, त्यात आमचा पंखाही त्यांच्या पंख्यासारखाच, मनात आलं तर चालणारा.

जाता जाता, शनिवार निवडलात ते उत्तम. दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा असायचा. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाकडेच. दाराबाहेर चपलांचा ढीग. मार्क तेव्हाही होते. मधल्या बातम्यांच्या वेळी किती जण घरी गेले आणि किती परत आले, तेच मार्क.

मुलुंडची_मावशी

अगदी अगदी! आणि परत येताना वाटीतून शेंगदाणे.

बेस्टचा_पास

पिवळा_बल्ब, चपलांचा ढीग ह्या निकषाला +१.

गप्प_बसा

एवढा विचार करून सिनेमा बघायचा म्हणजे ऑफिसच झालं की. लावा, बघा, झोपा.

तिसरा_मजला

@गप्प_बसा, नवऱ्याचं खातं आहे का हो हे?

@कोकणकन्या, तुझ्या आईचं वाचून दाखवलं घरी. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर केलं तिने." त्यांचीही पिशवी आहे.

'श्वास'चं सांगायचं राहिलं. त्याला अण्णांनी ४ दिले होते. आम्ही चौघं नाकं ओढत बसलेलो आणि डब्यातून ४ निघाला. लेक चिडली. संदीप सावंतचा पहिलाच सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, भारताकडून ऑस्करला गेला वगैरे सगळं तिने ऐकवलं. 'श्यामची आई'नंतर थेट हाच मराठी सिनेमा सर्वोत्कृष्ट ठरला, हेही. अण्णा म्हणाले, "असेल." संपलं.

मला नंतर लक्षात आलं. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुलैत झालं. डावा अजून बाकी आहे. आणि सिनेमात आजोबा आणि नातू, नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर, ऑपरेशननंतर दिसणार नाही, म्हणून आजोबा त्याला हॉस्पिटलमधून उचलून शहर दाखवायला नेतात. अण्णा त्या वेळी दोनदा बाथरूमला गेले होते. मी तेव्हा म्हटलं, मधुमेह. सिनेमा निवडला होता मी. माझंच चुकलं, डोक्यातच आलं नाही. ते ४ सिनेमाचे नाहीत. पण खोडलेही नाहीत, त्यांनी दिलेत तर राहू देत.

खडूस_परीक्षक

खोडू नका.

आगाऊ_कार्ट

काकू, ह्या शनिवारी काय? जुन्याची पाळी आहे का? अण्णांसाठी काहीतरी हलकं लावा. 'बनवाबनवी'?

तिसरा_मजला

'बनवाबनवी' आमच्याकडे मार्कांच्या पलीकडे आहे. संवाद आपणच म्हणायचे असतील तर टीव्ही लावायचा कशाला, असं लेकीचं मत. ह्या वेळी सासूबाईंची पाळी होती निवडायची. त्यांना म्हटलं कुठलाही सांगा. म्हणाल्या, "कुंकू. माझ्या आईने बघितला होता. मी नाही."

पिवळा_बल्ब

वा! शांतारामबापूंचा, १९३७, प्रभात. एक सूचना: ह्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण प्रसंगामागे वाजणारं काही नाही, घरातले-बाहेरचे खरे आवाजच ठेवलेत. त्यामुळे पंखा कमी करा आणि खिडकी लावून घ्या. घड्याळाकडे कान ठेवा. आणि ती सुशिक्षित सावत्र मुलगी येते ना, त्या शकुंतला परांजपे, सई परांजप्यांच्या आई.

बेस्टचा_पास

आणि पट्टे!!

तिसरा_मजला

झाला बघून. पट्टे ठेवले, मोशन बंद केलं. शांता आपटे सडसडीत.

पंखा एकवर केला, खिडकी लावली, गरमीने जीव गेला. पण पिवळा_बल्ब म्हणतात ते खरं. काही वाजतच नाही. सुरुवातीला लेक म्हणाली, आवाज गेलाय का बघ. मग पडद्यावर ते मोठं लंबकाचं, टोल देणारं घड्याळ सुरू झालं आणि सगळे गप्प. म्हातारा वकील नवरा, मामाने फसवून लग्न लावून दिलेली मुलगी आणि ती साफ सांगते की हे मला मान्य नाही. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे ह्यावर लेकीचा विश्वास बसेना. मधेच शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि आम्हाला वाटलं सिनेमातलीच. नंतर पडद्यावर ती मुलगी इंग्रजी कविता गाते, तेव्हा अण्णा उठून बसले. "हे मला माहीतच नव्हतं." केशवराव दात्यांचं काम बघून नवरा म्हणाला, "त्या म्हाताऱ्याची दया येते यार," आणि लेकीने त्याला उशी मारली. माझ्या मते दोघंही बरोबर. दाते तसंच करतात ते काम.

सासूबाई एकदाही उठल्या नाहीत. गॅसवर दूध होतं. ते ऊतू गेलं, वास आला, तरी नाही उठल्या. मी उठले.

मार्क रात्री घेतले नाहीत, कोकणकन्येच्या नियमाप्रमाणे रविवारी सकाळी चहाबरोबर डबा फिरवला. अण्णा ९. लेक ९. मी ९. नवरा ८, टाळ्या वाजवा. पाचवी चिठ्ठी उघडली तर आकडाच नाही. पेन्सिलीने लिहिलेलं: "आई बरोबर सांगायची."

काय सांगायची ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पोहे गार होतायत."

लेक विचारतेय, सरासरी कशी काढायची. चौकोनात तूर्त चार आकडे आणि ते वाक्य लिहिलंय, चतुर्थीच्या वर चढलंय थोडं.

मुलुंडची_मावशी

आणि दूध किती लिहिलंस? ऊतू गेलेलं धरून?

तिसरा_मजला

एक लिटर. दुधवाल्याला काय त्याचं.

कोकणकन्या

पुढच्या शनिवारी नव्याची पाळी ना? 'वाळवी' बघितला नसेल तर लावा. परेश मोकाशीचा. आधी कुणी काही सांगू नका त्यांना, प्लीज.

आगाऊ_कार्ट

त्यात ना शेवटी

खडूस_परीक्षक

कार्ट्या!!!